दहाचा भोंगा

"साहेब मीटिंगमध्ये आहेत. लेखी हुकमाशिवाय भोंगा वाजवायचा नाही," शिपायाने तिसऱ्यांदा सांगितलं.

"अरे, धरणाचे दरवाजे उघडलेत! पाऊण तासात पाणी खालच्या गल्लीत," भोंगेकाका म्हणाले. रिसीव्हर अजून त्यांच्या हातातच होता. खालच्या गल्लीत आम्ही साठ घरं, आणि शेवटच्या, काकांच्याच घरात दुखऱ्या गुडघ्याच्या काकू.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. सोमवार, दहाला दोन मिनिटं कमी. दर सोमवारी दहाला एक मिनिट भोंग्याची चाचणी घ्यायची, असा नियमच होता. तिला कुणाचा हुकूम लागत नसे. तीस वर्षं काका ती इतक्या नेमाने घेत की आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. सूर्य एखादे दिवशी चुकेल, काका चुकायचे नाहीत.

दहाच्या ठोक्याला त्यांनी बटण दाबलं. अंगठा उचलला की आवाज बंद, अशी त्या बटणाची तऱ्हा. काकांनी अंगठा उचललाच नाही.

हे मला शिपायाने नंतर सांगितलं. त्या वेळी मी शिवणयंत्रावर बसून, दहाचा भोंगा ऐकून, मनगटावरचं मागे पडलेलं घड्याळ दोन मिनिटं पुढे करत होतो. बाहेर लख्ख ऊन होतं. भोंगा कशासाठी असतो हे सांगणारी पत्रकं दरवर्षी घरोघर यायची. मी त्यांच्या पाठीवर गिऱ्हाइकांची मापं लिहायचो. आज सांगताना लाज वाटते.

काकूंचं वेगळं होतं. चाचणी आटोपली की काका घरी चहाला यायचे, म्हणून भोंगा थांबला की काकू चहा ठेवायच्या. त्या दिवशी भांड्यात पाणी घेऊन त्या थांबल्या, त्या थांबल्याच. मग काठी टेकत आल्या आणि माझं दार बडवलं.

"मास्तर, उठा. पाणी येतंय."

"अहो काकू, दहाचा भोंगा आहे तो."

"दोन मिनिटं झाली! तीस वर्षं संसार केलाय मी त्या माणसाशी. एकसष्टावा सेकंद उगाच वाजवायचा नाही तो. उठा म्हणते ना!"

"बरं, मी सांगतो सगळ्यांना. तुम्ही वर निघा."

"गुडघा दुखतोय माझा, तोंड नाही. डावी बाजू तुमची, उजवी माझी."

साठही दारं झाली. कुणी हसलं, कुणी वैतागलं, पण काकूंपुढे कुणाची मात्रा चालली नाही. शेवटी त्यांना पाठीवर घेऊन मी निघालो, तेव्हा पाणी माझ्या कमरेला लागलं होतं. वाटभर त्या मला ओरडत होत्या, सावकाश चाला म्हणून.

कचेरी चढावर. भोंगा अजून चालूच होता. साहेब हुकमाचा कागद घेऊन दारात उभे होते आणि तो आता कुणाला द्यावा हे त्यांना कळत नव्हतं. आत काका डोळे मिटून बटणावर वाकलेले.

"सोडा आता," काकू त्यांच्या शेजारी बसून कानाशी म्हणाल्या. "सगळे वर आलेत."

"मोजलेत?"

"मोजलेत."

अंगठा आखडून गेला होता. काकूंनी तो अलगद उचलला, आणि एकदम सगळीकडे शांत झालं. खिडकीतून खाली त्यांच्या घराचं नुसतं छप्पर दिसत होतं.

भोंगा थांबला तशा काकू सवयीने उठल्या. दोन पावलं टाकली आणि कुठे जायचं ते न सुचून थांबल्या.

"चहा राहिला आज तुमचा," म्हणाल्या, आणि परत बसून काकांचा अंगठा चोळू लागल्या.