अकरा वेळा मेलेला माणूस

मी आजवर अकरा वेळा मेलोय. दोनदा विषानं, तीनदा डोक्यात फटका बसून, एकदा विहिरीत, एकदा धान्याच्या कोठारात गुदमरून. बाकीची मरणं आता आठवत नाहीत. प्रत्येक वेळी मेलो ते स्वयंपाकघराच्या फरशीवर, ओटा आणि टेबल यांच्या मधल्या जागेत. बायको कादंबरीकार असली की असं होतं. लोकांच्या बायका नवऱ्याचा जीव खातात म्हणे. माझी तो रीतसर घेते आणि वर छापून आणते.

ती सात-आठशे वर्षांपूर्वीच्या खुनांच्या गोष्टी लिहिते. नदीकाठचं तटबंदीचं एक गाव आणि त्या गावात मढ्यांना आंघोळ घालणारी एक विधवा. सगळं गाव तिला आत्या म्हणतं. कुणी मेलं की आत्याला बोलावणं जातं. ती कोमट पाणी आणि फडकं घेऊन बसते, आणि धुता धुता तिच्या लक्षात येतं, हा माणूस आपल्या मरणानं मेलेला नाही. मिटलेली मूठ, नखातली माती, कानामागचा डाग. कोतवाल गावभर घरं पालथी घालत असतो, तोवर आत्याला सगळं कळलेलं असतं.

आता हे खरं वाटायचं तर कुणीतरी मरायला हवं, आणि ते काम माझ्याकडे. मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. चौतीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासले, मखमलीच्या खणांतली पितळी वजनं चिमट्यानं उचलली, केसाएवढा फरक निघाला तरी शिक्का मारला नाही. त्यामुळे मरायचं तर नीट मरायचं, असा माझा खाक्या. वीस वीस मिनिटं मी पापणी हलवत नसे. एकदा नाकावर माशी बसली तरी हललो नाही. बायकोनं त्याचं कौतुक केलं नाही, माशी मात्र पुस्तकात घेतली.

ती स्वतः दुसऱ्या कुणाची रहस्यकथा वाचत नाही. ती याद्या वाचते. ग्रंथालयात सूची करायची नोकरी होती तिची, आणि तिथल्या तळघरात जुनी दप्तरं होती: माणूस मेल्यावर कारकुनानं घरात जाऊन काय काय सापडलं ते लिहून ठेवलेलं. दोन मडकी, एक घोंगडी, अर्धं बाकडं. लोक सकाळी पेपर वाचतात, तशी ही मेलेल्यांची भांडीकुंडी वाचायची. ते अर्धं बाकडं वाचून तीन दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. उरलेलं अर्धं कुणाचं, एवढंच पुटपुटायची. सुताराचं असेल, मी म्हटलं. तुम्हाला काही कळत नाही, ती म्हणाली. मग तिला दोन भाऊ सुचले, वेगळे झालेले, एकाच बाकड्याच्या दोन टोकांना पाठ फिरवून बसणारे. त्या अर्ध्या बाकड्यावर तीनशे पानांची कादंबरी उभी राहिली. तिच्यात मी धाकटा भाऊ होतो. विहिरीतला.

खरं सांगू? मला मरायला आवडायचं. डोळे मिटले की पाठीला फरशीचा गारवा लागायचा. नळाचा थेंब भांड्यात पडत असायचा, आणि थोड्या वेळानं तो आत्याच्या घंगाळात पडायला लागायचा. फ्रिजची घरघर नदीपलीकडच्या पाणचक्कीची व्हायची. जिन्यात कुणाची पावलं वाजली की तटावरचा पहारेकरी खाली उतरतोय असं वाटायचं. ओल्या दगडाचा, विझलेल्या मेणबत्तीचा वास यायचा. कुठून यायचा देव जाणे. वाचकांनी ते गाव पुस्तकात पाहिलं. मी ते जमिनीवरून पाहिलंय, दाराखालून येणारा उजेड आणि चिखलानं जड झालेल्या कपड्यांच्या कडा. मग ती शेजारी बसायची. एकेक बोट उघडायची, मनगट वळवून बघायची, कानामागचे केस बाजूला करायची. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं एरवी मला इतक्या सावकाश कधी हात लावला नाही. जिवंत माणसाकडे एवढं कोण बघतं?

मागच्या वर्षी जिना चढताना माझ्या छातीत कळ आली. नऊ दिवस हॉस्पिटलात काढले, डॉक्टरांनी स्टेंट टाकला, जपून राहा म्हणाले. मी जपून राहिलो. पण मी घरी आलो आणि तिचं लिहिणं थांबलं. बाराव्या पुस्तकाची नुसती सुरुवात झाली होती. जिन्यावरून पडलेला एक माणूस आहे, एवढंच मला ठाऊक होतं. प्रकाशकाचा फोन आला की ती सांगायची, चाललंय. चाललंय कसलं, डोंबल! कागद नीट लावायची, पेन्सिलीला टोक काढायची, की परत कागद नीट लावायची. याद्यासुद्धा वाचेना. मी खुर्चीत डुलकी काढून जागा व्हायचो तर ही समोर बसून माझ्या छातीकडे बघत असायची, वर जातेय ना, खाली येतेय ना.

मी म्हटलं, चल, झोपतो फरशीवर. तर म्हणे, फरशी गार आहे. मग सतरंजी घालू, म्हटलं. मढ्याखाली सतरंजी कोण घालतं, म्हणाली. मग तिची कंबर दुखायला लागली, मग उजेड पुरेना. मी चौतीस वर्षं दुकानदारांच्या सबबी ऐकल्यात, मला सबब लगेच कळते. लेकीनं फोनवर विचारलं, बाबा, आई नुसती हं हं का करते? पंचवीस वर्षं ही बाई त्या गावात राहायची आणि जेवायखायला तेवढी इकडे यायची. आता वेशीचं दार लागलं होतं आणि ती बाहेर उभी होती. हृदय माझं बिघडलं आणि बंद तिचं पडलं. मी वाचलो खरा, पण हिचं लिहिणं माझ्यापायी गेलं असेल तर वाचलो कशाला, असं मला रोज वाटायचं.

शेवटी एका दुपारी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तिचा खण उघडून पानं वाचली.

जिन्यावरून पडलेला माणूस आत्याचा नवरा होता. यातली गोष्ट पहिल्या अकरा पुस्तकांच्या आधी घडलेली होती. आत्या विधवा कशी झाली त्याचं. वाचक कित्येक वर्षं पत्रं पाठवून तेच विचारत होते. दुसऱ्या पानावर ओळ होती, ‘आत्या उंबऱ्यात उभी राहिली.’ ती खोडलेली. खाली पुन्हा तीच ओळ, पुन्हा खोडलेली. पानाच्या शेवटापर्यंत तेच.

तेव्हा शहाण्या माणसानं पानं परत खणात ठेवली असती आणि तो मूग गिळून बसला असता. मला वाटलं, हिचं अडलंय ते माझ्यावाचून. मेलेला नवरा तर हवाय, आणि तो घरात फुकट बसलाय! मी ओट्याजवळ आडवा झालो. डोळे मिटले, एक हात अंगाखाली घेतला, जिन्यावरून पडल्यासारखा. आणि नेहमीसारखा नीट मेलो.

कुलूप उघडल्याचं ऐकू आलं. पावलं आली आणि दारात थांबली. मी मनात म्हटलं, बघतेय, छान. आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, कुणाच्याही तोंडून. मी ताडकन उठून बसलो.

ती चौकटीला धरून उभी होती. अर्धं तोंड इंजेक्शननं बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला. मी काहीतरी सांगायला लागलो, खणाचं, पुस्तकाचं. तिनं ऐकलं नाही. पिशवी ठेवली, माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि माझ्या जागी स्वतः आडवी झाली.

“आता तुम्ही उभे राहा,” ती बोबड्या जिभेनं म्हणाली. “उंबऱ्यात.”

मी जाऊन उभा राहिलो. आधी वाटलं, हिला मरता येत नाही, श्वास दिसतोय. मग तो दिसेनासा झाला. पिकलेले केस फरशीवर पसरले होते, चष्मा तिरका झाला होता. ती आत्ता दवाखान्यातून चालत आलीये, तोंडात अजून कापूस आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून काही उपयोग झाला नाही. पाय उचलेना. अकरा वेळा मरून मला हे कळलं नव्हतं, की मेलेल्याला काही करावं लागत नाही.

कसाबसा आत गेलो. नाडी बघावी हे सुचलं नाही. खुर्चीवर तिची शाल होती, ती घेतली आणि तिच्या पायांवर घातली.

“ऊठ गं,” म्हटलं.

तिनं डोळे उघडले आणि पायांकडे बघितलं. “हे का झाकलंत?”

“गार पडले असतील असं वाटलं.”

“पाणी नाही आणलंत? नखं नाही बघितलीत?”

“काहीच सुचलं नाही.”

तिनं पायांवरच्या शालीची कड चाचपली. मग हात पुढे केला. मी तिला उठवलं; दोघांनाही धाप लागली. ती टेबलापाशी जाऊन बसली. मी चहा ठेवला, तिच्याजवळ नेला, तो गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. उन्हाचा पट्टा टेबलावरून भिंतीवर गेला तेव्हा तिनं मला ते पान वाचून दाखवलं. आत्या उंबऱ्यातून आत येते, नवऱ्याचे पाय झाकते आणि उजाडेपर्यंत ते धरून बसते.

“मग त्याला ढकललं कुणी?” मी विचारलं.

“तिनं त्याची नखं बघितलीच नाहीत,” ती म्हणाली. “कधीच कळणार नाही तिला. म्हणून तर पुढं ती प्रत्येकाला एवढं निरखून बघते.”

खुनी न सापडणारी रहस्यकथा! प्रकाशक ऊर बडवून घेईल, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं नवा कागद घेतला होता. ती लिहीत होती.