बाबांना गाण्यातून काढण्याची पद्धत

आत्याबाईंनी मला चर्चच्या मागच्या पडवीत बोलावलं आणि म्हणाल्या, "पेनी, तुझ्या बाबाला काढून टाक."

मी विचारलं, "गायनमंडळातून?"

"जीभ आवर. गायनमंडळ त्याचंच आहे. गाण्यातून काढ. आवाज तेवढा. माणूस राहू दे."

आमच्या वावाउ बेटांवर वडिलांची बहीण सांगते तेव्हा 'का' विचारायचं नसतं. 'कधीपर्यंत' एवढंच विचारायचं असतं. घरात बाबा मोठे, बाबांच्या वर आत्याबाई, आत्याबाईंच्या वर देव, आणि माझा असा अंदाज आहे की तोही महत्त्वाचं काही करायचं असलं की आधी त्यांना कळवतो.

त्यांनी हे बाबांना स्वतः का सांगितलं नाही, हा प्रश्नच येत नाही. भाऊ-बहीण वयात आले की एका खोलीत बसून चार शब्द बोलत नाहीत, इतका मान ठेवावा लागतो. तिथे 'तू बेसूर गातोस' हे बहिणीने भावाला सांगायचं? त्यापेक्षा भरसमुद्रात होडीला भोक पाडणं जास्त सभ्य. म्हणून मी. मला गावात 'आवाजवाला' म्हणतात. चर्चचे माइक, कर्णे आणि लॅपटॉप माझ्या ताब्यात असतात.

गोष्ट अशी होती. राजधानीतल्या चर्चच्या रेडिओ केंद्राने गावोगावच्या गायनमंडळांकडून एकेक भजन रेकॉर्ड करून मागवलं होतं. सगळी भजनं रविवारी दुपारी प्रसारित होणार आणि निवडलेलं मंडळ वार्षिक परिषदेच्या उद्घाटनाला गाणार. आमच्या चर्चच्या समितीने त्याला आपलं एक शेपूट जोडलं: आपलं मंडळ निवडलं गेलं नाही, तर गायनमास्तरची छडी बाबांकडून काढून सालेसीला द्यायची. सालेसी ऑकलंडला संगीत शिकून आला होता. त्याच्याकडे ताल मोजायला टिकटिक करणारं यंत्र होतं, आणि ते तो प्रार्थनेतही बंद करायचा नाही.

बाबांच्या हातात ती छडी माझ्या जन्माआधीपासून आहे. ते फळ्यावर खडूने आकड्यांत चाल लिहितात, तीनपासून नऊपर्यंत. आमचा सा म्हणजे तीन. एक आणि दोन कुठे गेले, हे कुणी विचारत नाही. अडचण एवढीच की अलीकडे बाबा फळ्यावर सहा लिहायचे आणि साडेपाच गायचे. तेही बोटीच्या भोंग्याला लाज वाटेल अशा आवाजात.

"निवड झाली नाही तर छडी जाईल," आत्याबाई म्हणाल्या. "छडी गेली तर तो दिवसभर घरी बसेल. तो घरी बसला तर तुझी आई माझ्याकडे राहायला येईल. कळलं?"

"कळलं. पण आत्याबाई, शिजलेल्या रश्श्यातून मीठ काढता येतं का?"

"तुझ्याकडे यंत्र आहे. काढ."

आणि मला हे जमणार होतं, ही यातली गंमत. माझ्याकडे मध्य-बाजू पद्धतीची माइकची जोडी आहे. एक माइक समोर तोंड करून असतो, तो 'मध्य'. दुसरा त्याच्यावर आडवा. त्याला समोरचं जवळपास काहीच ऐकू येत नाही, फक्त डावीकडचं आणि उजवीकडचं ऐकू येतं. तो 'बाजू'. दोन्ही वेगवेगळे रेकॉर्ड करायचे आणि नंतर लॅपटॉपवर जुळवायचे. मध्य अधिक बाजू केलं की डावा कान तयार होतो, मध्य उणे बाजू केलं की उजवा. कुणाला किती ठेवायचं, ते आपल्या हातात. म्हणजे ज्याला काढायचा त्याला बरोबर मधोमध उभा करायचा.

गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये माइक लावला. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, नाल ठोकल्यासारखे अर्धगोलात. बाबांना मी माइकच्या अगदी नाकासमोर उभं केलं.

"इतका जवळ?" बाबा म्हणाले.

"मान तुमचा, बाबा."

बाबा खूश झाले. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं.

तेवढ्यात आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "हा कोण उघडाबोडका उभा आहे?"

त्या माइकच्या दांडीबद्दल बोलत होत्या. चर्चमध्ये कमरेला चटई गुंडाळल्याशिवाय कुणी येत नाही. पाळकसाहेब नाही, तान्हं मूल नाही, मग दांडीने काय पुण्य केलंय? त्यांनी एक बारीक विणीची चटई पाठवली आणि ती दांडीला अशी गुंडाळायला लावली की आडव्या माइकचे दोन्ही कान झाकले गेले. मी निमूट गाठ मारली. दांडी मात्र एकदम प्रतिष्ठित दिसायला लागली. फेआओ नावाचा आमचा खर्जातला गायक येताना तिला मान लववून गेला.

मग गाणं झालं. आमचं मंडळ गातं तेव्हा छपरावरची कबुतरं शेजारच्या गावी जातात. प्रत्येकाला आपला आवाज देवापर्यंत थेट पोचवायचा असतो, मध्ये कुणाची मदत नको असते.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडला. बाजूच्या रेकॉर्डिंगला चटईमुळे घोंगडी पांघरल्यासारखा आवाज होता, म्हणून त्याच्या वरच्या पट्टीतला आवाज उचलला. बायकांचे स, श पुन्हा चमकायला लागले. खालच्या पट्टीत पंख्याची घरघर होती, ती कापली. मग मध्याकडे वळलो. बाबांचा गळा ज्या पट्टीत राहतो ती पट्टी शोधली, दाबली, आणि सबंध मध्यच खाली ओढला. बाजू भरपूर वर. जुळवलं, कानाला लावलं. वा! डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मध्ये स्वच्छ समुद्र. बाबा कुठेतरी तळाशी, एखाद्या शांत माशासारखे.

आत्याबाईंनी हेडफोन लावून ऐकलं. डोळे मिटले. "कुठे आहे तो?"

"आहे. पण नाही."

"देव तुझं भलं करो," त्या म्हणाल्या. फाइल त्याच दिवशी राजधानीला गेली.

रविवारी जेवणं झाली. भट्टीतलं लू, म्हणजे अळूच्या पानांत शिजवलेलं मांस, खाऊन सगळं गाव सुस्त पडलं होतं. बाबा आत, चटईवर, त्यांच्या जुन्या एका कर्ण्याच्या रेडिओपाशी. आत्याबाई बाहेर, फणसासारख्या आमच्या 'मेई'च्या झाडाखाली, फोनवर तेच केंद्र लावून कानात हेडफोन. दोघं एका खोलीत बसणार नाहीत, म्हणून मी मध्ये उंबऱ्यावर.

निवेदकाने आमच्या गावाचं नाव घेतलं. आतल्या रेडिओतून आधी एक श्वास आला. बाबांचा. मग बाबा गायला लागले. एकटे.

मी वाट पाहिली. बायका आल्या नाहीत. पुरुष आले नाहीत. खूप दूर, बहुतेक फिजीच्या दिशेला, कुणीतरी गात असल्याचा भास होत होता. आणि अख्ख्या राज्याला साडेपाचचा सूर लावून देता देता, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बाबा दबक्या आवाजात बोलत होते:

"मेलेआने, तोंड उघड, आत डास जाणार नाही."

मग एक ओळ भजन.

"फेआओ, ते आकडे आहेत. अंदाज नाहीत."

पुन्हा देवाची स्तुती.

"तू नाही रे सालेसी, तुझ्या शेजारचा. थांब. नाही, तूच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एका कर्ण्याचा रेडिओ डावा आणि उजवा कान एकत्र मिसळतो. डावीकडे बाजू अधिक, उजवीकडे बाजू उणे. बेरीज केली की बाजू शून्य. अख्खं मंडळ एकमेकांना खोडून मोकळं. उरतो तो मध्य. मी तो दाबला होता, पण आवाज बारीक आला की केंद्राचं यंत्र तो आपोआप उचलतं. त्याने बाबांना तळातून वर काढलं, झटकलं आणि बेटाबेटावर पोचवलं. आमच्या गावात दोन कर्ण्यांचा रेडिओ कुणाकडेच नाही; दोन वेगळे कान होते ते फक्त आत्याबाईंच्या हेडफोनला.

बाहेर आत्याबाईंनी हेडफोन काढले. डोळ्यांत पाणी. "काय गायले रे सगळे! तो कुठ्ठेच नाही."

आत बाबांनी रेडिओ बंद केला. 

"पेनी. बाकीचे कुठे होते?"

"बाजूला होते, बाबा."

"हं," बाबा म्हणाले. "मला आधीपासून संशय होता."

एवढ्यात रस्त्यावरून मेलेआने आली. रविवारी ओरडू नये म्हणून ती अतिशय हळू आवाजात किंचाळली, "मी तोंड उघडलं होतं! माझा नवरा जेवणं सोडून हसतोय! राजधानीच्या बेटावरून, टोंगाटापूहून माझ्या जावेचा फोन आलाय, डास गेला का म्हणून!"

"डासाची काळजी चांगली आहे," मी म्हटलं. ती निघून गेली, तेव्हा तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

सोमवारी समिती बसली. बाबांना बाहेर ठेवलं होतं, कारण विषय बाबा हाच होता. सालेसी उभा राहिला. "पाळकसाहेब, हे गायनमंडळ नव्हतं. एक म्हातारा भजनात शिव्या घालत होता. आपली निवड झाली तर मी हे यंत्र समुद्रात टाकीन."

"शिव्या नव्हत्या," फेआओ म्हणाला. "सूचना होत्या."

"तुला आवडल्या?"

"मला माझं नाव रेडिओवर आवडलं."

पाळकसाहेब माझ्याकडे वळले. "आवाजवाले, झालं काय ते सांगा."

मी उभा राहिलो. सगळं समजावून सांगता आलं असतं, बेरीज-वजाबाकीसकट. पण त्यातला पहिला प्रश्न 'मध्य दाबला का' हा येणार होता. त्याचं उत्तर दाराबाहेर दोघंजण ऐकणार होते: डाव्या ओसरीवर बाबा, उजव्या ओसरीवर आत्याबाई. उत्तर दिलं तर छडी जाणारच, शिवाय भाऊ-बहीण उरलेलं आयुष्य एकमेकांच्या सावलीलाही टाळणार.

"चटईमुळे," मी ठामपणे म्हणालो. "माइकला चटई होती."

समितीने मान डोलावली. चटईविरुद्ध कोण बोलणार?

सालेसी तोंड उघडणार, इतक्यात पाळकसाहेबांचा फोन वाजला. राजधानीहून. ते "हो, हो" म्हणत गेले आणि त्यांच्या भुवया प्रत्येक 'हो'ला वर चढत गेल्या. फोन ठेवून म्हणाले, "आपली निवड झाली. निवड समितीने स्टुडिओत मोठ्या दोन कर्ण्यांवर ऐकलं. म्हणाले, असं वाटलं की आपण मंडळाच्या आत बसलोय. आणि म्हणाले, गायनमास्तर किती नम्र! एकदाही पुढे पुढे केलं नाही."



"त्यांनी दुसरंच भजन ऐकलं!" सालेसी म्हणाला.

"भजन एकच होतं, सालेसी. तू खाली बस," पाळकसाहेब म्हणाले. "आणि यंत्र समुद्रात टाकू नकोस, मासे वेडे होतील."

छडी राहिली. मी निश्चिंत झालो, ते संध्याकाळच्या सरावापर्यंत. परिषदेत माणसं समोर उभी राहून गाणार होती, आणि समोर उभ्या माणसाचा मध्य दाबायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

बाबा फळ्यापाशी उभे राहिले. छडी काखेत. "रेडिओवर तुमच्यापैकी कुणाचाही आवाज आला नाही," ते म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर," मेलेआने ओठ न हलवता म्हणाली.

"आणि आपण निवडले गेलो. बरोबर?"

"बरोबर."

"मग यातून काय शिकायचं?"

 सगळे माझ्याकडे बघत होते. मी छपराकडे. बाबांचं चुकत होतं कुठे? जेवढं त्यांना ऐकू आलं होतं, त्यावरून दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता.

"हळू गा," बाबा म्हणाले.

असा हुकूम या इमारतीत पूर्वी कधी सुटला नव्हता. पण अख्खं गाव स्वतःला रेडिओतून नाहीसं होताना ऐकून बसलं होतं. आत्मविश्वास जरा बसलेला होता. गायले हळू. कबुतरं जागची उठली नाहीत. बाबांनी सहाच्या जागी साडेपाच लावला, आणि मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली, पायात खडा टोचल्यासारखी. इतकी वर्षं दोन्ही बाजूंनी ते वादळ अंगावर घेत गात होते. बाकीचे कुठे आहेत, हे त्यांना आज पहिल्यांदा ऐकू येत होतं. ते अडखळले. पावणेसहावर आले. चाचपडत आणखी वर सरकले आणि बायकांच्या सुराला जाऊन टेकले. तिथेच राहिले.

सालेसीचं यंत्र टिकटिकत होतं. त्याने ते स्वतःच बंद केलं.

मी खिडकीशी गेलो. बाहेर आत्याबाई उभ्या होत्या, भिंतीला लागून, आतून दिसणार नाहीत अशा.

"हळू गायला कुणी सांगितलं?" त्या कुजबुजल्या.

"बाबांनी."

"तो सुरात आहे."

"जवळपास."

"त्याला सांग की..." त्या थांबल्या. भावाला काय सांगायचं आणि कसं, याला आमच्याकडे वाट नाही. "काही सांगू नकोस."

पुढचं कडवं सुरू झालं, आणि आत्याबाई हलक्या आवाजात बाहेरूनच बायकांच्या खालच्या सुरात सामील झाल्या. लग्नाआधी त्या आत, बायकांच्या त्याच रांगेत उभ्या राहून गायच्या, असं आई सांगते.

बाबांची पाठ खिडकीकडे होती. त्यांनी वळून पाहिलं नाही. छडी तेवढी खांद्यावरून मागे रोखली.

"खिडकीबाहेर जी कोणी आहे, ती," ते म्हणाले, "सूर खाली जातोय. वर घे."

 या बेटावर आत्याबाईंना असं कुणी बोललेलं नव्हतं.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सूर वर घेतला.