पाच महिन्यांचा नेम

२०२३ साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे चातुर्मास चारऐवजी पाच महिन्यांचा झाला. म्हणून ते साल माझ्या पक्कं लक्षात आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये माझ्या लेकीची, आसावरीची मुलगी मैत्रेयी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आली आणि यशवंतपूरच्या घरी माझ्याजवळ राहू लागली. हे गेल्यापासून मी एकटीच होते. पोरगी गुणी, पण दूध, दही, तूप, मध काही चालायचं नाही. कॉलेजात असताना एका गोठ्यात वासराला गाईपासून ओढून नेताना तिनं पाहिलं होतं. तेव्हापासून चार वर्षं तिनं दुधाचा थेंब घेतला नव्हता.

शेजारची धनलक्ष्मी रोज वाटीभर दही आणून द्यायची. तिनं कपाळाला हात लावला. "अय्यो अक्का, काफीसुद्धा नाही? मग ही पोर जगते कशावर?"

"नाचणी, डाळी, शेंगदाणे, तीळ," मैत्रेयी हसून म्हणाली. "आणि आठवड्याला एक गोळी."

ती गोळी बी-ट्वेल्व्हची. झाडपाल्यातून ते मिळत नाही, म्हणून ही दर रविवारी न चुकता घ्यायची.

आता माझ्याबद्दल. निपाणीला माझ्या सासूबाई चातुर्मासात दर वर्षी एक पदार्थ सोडत. एकदा त्यांनी गूळ सोडला. मी आपली मायेनं चहात साखर घातली, तर म्हणाल्या, "गूळ सोडला आणि साखर खाल्ली, मग सोडलं काय?" पन्नास वर्षं झाली, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

त्या वर्षी मी मैत्रेयीला म्हटलं, "मीही दूधदुभतं सोडते. कार्तिकी एकादशीपर्यंत." तिला इतका आनंद झाला की तिनं लगेच दुकानातून माझ्यासाठी गोळ्यांचं पाकीट आणलं. "आजी, पण ही घ्यायचीच हं. तुझं वय झालंय, त्यात तुला मधुमेह आहे, साखरेच्या गोळ्या घेतेस."

दर रविवारी ती विचारायची, "आजी, गोळी?"

"घेतली गं."

घेत नव्हते. दूध सोडायचं आणि त्यातलं सत्त्व गोळीतून घ्यायचं, हे मला गुळाऐवजी साखर खाण्यासारखंच वाटायचं. गोळ्या मी हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकत गेले.

पहिले दोन महिने अंग हलकं वाटलं. मग तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मी त्या वयाच्या खात्यावर टाकल्या. दिवाळीत रांगोळी काढायला बसले, तर चिमटीतून रेघ सरळ पडेना. आणि एका सकाळी भाजीच्या गाडीशी उभी होते, तर धनलक्ष्मी माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "अक्का, दुसरी चप्पल एल्ली, कुठं गेली?"

खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी. चप्पल वाटेत कुठं निसटली ते मला कळलंच नव्हतं. तेव्हा मात्र घाबरले.

माझा मुलगा विलास येलहंक्याला राहतो. तो गाडी घेऊन आला आणि आम्हा दोघींना डॉक्टर रक्षिताबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी चिमट्यासारखा थरथरणारा काटा पायाला टेकवला. "कळतंय का आजी?" मला काहीच कळत नव्हतं. रक्त तपासलं. मैत्रेयीचंही तपासायला घेतलं. माझं बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला गेलं होतं.

"गोळ्या चालू आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो, दर रविवारी मीच आठवण करते," मैत्रेयी म्हणाली.  मी पदराशी चाळा करत राहिले.

घरी आल्यावर विलास तिच्यावर भडकला. "तुझ्या फॅडापायी माझ्या आईचे पाय जायची वेळ आली! गोळ्या घेऊनही ही गत! एक तर या घरात दूध-दही खायला लाग, म्हणजे तीही खाईल, नाहीतर दुसरीकडे खोली बघ."

"मामा, अरे..."

"मामा-बिमा काही नाही."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. धनलक्ष्मीनं नेहमीच्या सवयीनं दिलेली दह्याची वाटी ओट्यावर होती. ती घेऊन माझ्यासमोर बसली. "आजी, मी खाते. मग तू खाशील ना?" तिनं चमचा भरला. डोळे वाहत होते.

नेम पाळत होते म्हणे मी! आणि दर रविवारी खोटं बोलत होते.

मी तिचा हात धरला. "ठेव तो चमचा." भिंतीला धरत फडताळापाशी गेले, हिंगाची डबी काढली आणि विलासपुढे उपडी केली. वीस गोळ्या.

मैत्रेयीनं एक गोळी उचलून हुंगली. मग मैत्रेयी रडता रडता म्हणाली, "आजी, सगळ्या गोळ्यांना हिंगाचा वास येतोय गं."

विलासला हसू आवरेना, पण ते लपवत तो माझ्यावर ओरडला, "आई, तू लहान आहेस का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "साठा तुमचा आधीपासूनच कमी असणार. वय आणि साखरेची गोळी, दोन्हींमुळे ते अंगी लागत नाही. दूध सोडल्यावर उरलंसुरलं संपलं. या मुलीचा रिपोर्ट मात्र उत्तम आहे."

एकादशीला पाच दिवस उरले होते. मी त्याच दुपारी ताकभात खाल्ला. मैत्रेयीनंच वाढला.

नंतर मला इंजेक्शनं दिली, सुरुवातीला एक दिवसाआड, मग महिन्याला; आता आठवड्याची गोळी. पाय शुद्धीवर आले. डाव्या अंगठ्याला मात्र अजून नीट कळत नाही, त्यामुळे आता मी पट्ट्याची चप्पल घालते. धनलक्ष्मी मुलाकडे तुमकुरूला गेली. जाताना दही लावायचं भांडं मला देऊन गेली. विलासनं हौसेनं स्वतःचं रक्त तपासलं. रोज चार कप दुधाचा चहा पिऊनही त्याचं बी-ट्वेल्व्ह कमीच निघालं. आता गोळी तोही घेतो, पण त्याबद्दल कुणी बोललेलं त्याला आवडत नाही. मैत्रेयीनं गेल्या वर्षी मामाच्याच गल्लीत घर घेतलं. दूध ती अजून घेत नाही, आणि मामी तिच्यासाठी वेगळी, तेलाची फोडणी करते.

दर रविवारी तिचा फोन येतो, चेहरा दिसणारा.

"आजी, गोळी?"

"घेतली."

"आ कर. जीभ वर."

मी करते.