रक्त दिसले नाही म्हणून

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्म बिस्किटांसाठी झाला, पण नशिबी आली लाकडाची वखार. तिथल्या मिस्त्रींनी माझ्या पोटात पट्ट्या, कापूस आणि आयोडीन भरले आणि मला करवतीच्या यंत्राशेजारी ठेवले.

वखारीचा नियम एकच. रक्त दिसले तरच डबा उघडायचा. मुका मार लागला, तर पाठीवर थाप मारून माणसाला पुन्हा कामाला लावायचे. कुणी "डबा आण!" ओरडले, की माझी छाती फुगायची. माझ्याशिवाय वखारीचे पान हलत नाही, असे मला वाटू लागले.

एका दुपारी फळीतल्या गाठीत पाते अडकले. यंत्राने ती जाड फळी उलटी भिरकावली. तिचे टोक मिस्त्रींच्या डाव्या बरगडीखाली धाडकन बसले आणि ते भुशात कोसळले. फळी धरणाऱ्या त्यांच्या मेव्हण्याचा हात पात्यावर गेला. दोन बोटांची टोके उडाली. चिळकांडी थेट माझ्या झाकणावर आली. मेव्हणा गुरासारखा ओरडत होता. सगळे त्याच्याकडेच धावले.

मिस्त्री पोट दाबत उठले आणि मेव्हण्याच्या बोटांना पट्टीही त्यांनीच बांधली.

"दाजी, तुम्हालाही लागलंय," मेव्हणा कण्हत म्हणाला.

"मुका मार आहे रे. रक्त तरी आलंय का? तू जा दवाखान्यात."

त्याला रिक्षातून नेले. मिस्त्री पोत्याला टेकून पाणी मागत राहिले. डावा खांदा दुखतो म्हणाले. ओठ पांढरे पडत गेले. तासाभराने भुसा भरणाऱ्या मावशींनी त्यांच्या कपाळाला हात लावला, तर गार घाम!

"ॲम्ब्युलन्स बोलवा!"

"राईचा पर्वत करू नका, मावशी. पडतो जरा, बरं वाटेल."

कुणीतरी मला उघडले. मावशींनी मला हिसकावून भिंतीवर आपटले. "याचं औषध या डब्यात नाही! पोटात फुटलंय काहीतरी!"

मिस्त्री दवाखान्याच्या वाटेतच गेले. रक्त सगळे आत वाहिले होते. मेव्हण्याच्या बोटांच्या जखमा भरून आल्या, पण त्याला आपल्या बहिणीसमोर उभे राहवत नाही.

मित्रांनो, मला मिस्त्रींचा राग येतो आणि स्वतःचा त्याहून जास्त. पोटावर, छातीवर किंवा डोक्यावर जोराचा मार बसला, तर रक्त शोधत बसू नका. माणूस पांढरा पडला, गार घामाने भिजला, तर त्याचे "बरं वाटेल" ऐकू नका. लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा. तो शिव्या घालेल. घालू द्या. शिव्या घालायला तरी तो उरेल.