एक पाऊल उशिरा

"थांबा, मावशी. पुन्हा उजवा पाय जड पडला."

काचेपलीकडून दिग्दर्शक बोलला, तशी मावशी फरशीच्या तुकड्यावर थबकली. समोरच्या पडद्यावरची बाईही थांबली. सिनेमाची ही पहिलीच दोन मिनिटं. ऑफिस सुटल्यावरचा रिकामा व्हरांडा, एकटी बाई, बावीस पावलं. चित्रीकरणात पावलांचा आवाज धड येत नाही. तो नंतर पडद्याकडे बघत कुणीतरी चालून भरायचा असतो. एकतीस वर्षं तो मावशी भरत होती. राण्या, नर्सा, पोलीस, सगळे तिच्याच पायांनी चालले होते.

पाण्याला नसतो तसा तिच्या चालीला स्वतःचा रंग नव्हता, आणि तोच तिचा अभिमान होता. घरी सासूला दिसत नसे. जिना चढणाऱ्या प्रत्येकाला ती पावलांवरून ओळखायची, सुनेला सोडून. "कोण?" असं रोज आतून विचारायची. "रोज नवीच बाई येते गं जिन्यावरून!"

पण गेल्या वर्षी उजवा गुडघा बिघडला.

सातव्यांदा घेतलं. पुन्हा तेच. टक, ठक.

"नायिका लंगडी नाहीये हो," दिग्दर्शक वैतागला. "जाऊ दे, संगीत टाकू. भीती वाटल्याशी कारण."

आज पावलं गेली की उद्या बोलावणं येणार नव्हतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"संगीत वाजलं की माणूस सावध होतो," ती म्हणाली. "आता घाबरा, असं सांगून कुणी घाबरतं का? बाईच्या मागे कोण आहे?"

"खुनी. पण तो शेवटपर्यंत दिसत नाही."

"नकोच दिसू दे. ऐकू येऊ दे. तिच्या पावलात पाऊल मिसळून चालेल. ती थांबली की हा थांबेल, पण एक पाऊल उशिरा. तिला कळणार नाही, लोकांना कळेल. चाल मात्र अशी हवी, की पुढे कुठेही ऐकली तरी ओळखू यावी." ती क्षणभर थांबली. "तशी चाल आहे आता माझ्याकडे."

"आणि नायिकेची पावलं? ती काय आभाळातून पडणार?" ध्वनिमुद्रकाने विचारलं. त्याला सगळे कानसेन म्हणत.

"तुझ्या कपाटातून. पंधरा वर्षांपूर्वीची माझी असतील. तू कुठे काय फेकतोस? बायको कंटाळली तुझ्या पसाऱ्याला."

वीस मिनिटांनी एका जुन्या ध्वनिफितीत ती पावलं सापडली. हलकी, सारखी, एकासारखं दुसरं. मावशीने टाचेच्या चपला काढल्या, पुरुषी बूट चढवले आणि आपल्याच पावलांमागे चालू लागली. पुढची पावलं मागे वळून बघायला तयार नव्हती. बाविसाव्या पावलाला ती पुढची पावलं थांबली.

शांतता. अर्धा सेकंद.

ठक.

दिग्दर्शकाचं पेन हवेतच राहिलं. 'कट' म्हणायचंही तो विसरला.

"खुनी तुमचा, मावशी," शेवटी तो म्हणाला. "नायिकेचं सगळं जुन्यातून जुळवू."

"बढती झाली की गं!" कानसेन म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. तिने टाचेच्या चपला पुसल्या आणि फळीवर सगळ्यात मागे ठेवल्या.

संध्याकाळी घराचा जिना चढताना सवयीने तिने पाय सारखे टाकायचा प्रयत्न केला. नवव्या पायरीवर गुडघ्यातून कळ गेली. कठडा धरून ती उभी राहिली.

वर कडी वाजली. भिंत चाचपत सासू दारात आली होती. "काय झालं गं? पडलीस का?"

"आई, मी आहे हे कसं कळलं?"

"वर्षभर कळतंय. तुला वाईट वाटेल म्हणून विचारत होते, कोण म्हणून. आज पावलं मधेच थांबली, मग राहवेना."

उरलेल्या पायऱ्या मावशी चढू लागली. टक, ठक. टक, ठक. सासू दार धरून ऐकत उभी होती.