विजयाच्या गिरणीचे सात अँपिअर

सासू बोलत असताना सुनेनं मध्ये तोंड घालायचं, आणि तेही भाडेकरूसमोर! मनोरमाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "आई, थांबा," म्हणे! पिपलानीत कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढली, मग यजमानांनी रिटायर होऊन अयोध्या नगरात हे घर बांधलं. पण मनोरमाबाईंना थांबा म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

आणि त्या काय मनाचं सांगत होत्या? खालच्या खोलीत भाडेकरू विजयाची मसाल्याची गिरणी. तिच्या वायरीला त्यांनी यजमानांचा टाँग टेस्टर स्वतः लावला होता. चिमट्यासारखं यंत्र ते, वायरीला धरलं की आत किती करंट आहे ते सांगतं. शाळा चौथीपर्यंतच, पण यजमानांनी शिकवलेला गुणाकार तोंडपाठ: अँपिअर गुणिले व्होल्ट, झाले वॅट. सात अँपिअर, म्हणजे सोळाशे वॅट. आणि विजयाच्या खोलीपुरता लावलेला सबमीटर दाखवत होता साडेसहाशे!

"मीटरशी खेळ केलास तू. रविवारपर्यंत खोली मोकळी कर," त्या म्हणाल्या होत्या. विजया मिरच्यांचा डबा पोटाशी धरून नुसती उभी. दोन लेकरांना घेऊन कुठे जाणार होती ती?

सून मंजूषा नोकरीला मीटर तपासायच्या लॅबमध्ये. ती वर धावली, इस्त्री घेऊन आली. गिरणी बंद करून त्याच वायरीवर इस्त्री लावली.

"बघा आता, आई."

टेस्टरवर सव्वाचार अँपिअर. मनोरमाबाईंनी गुणाकार केला, पावणेदहाशेच्या वर आला. मीटरही तेवढंच दाखवत होता.

"मग इथे कसा खरं बोलतो मेला?"

"तो मघाशीही खरंच बोलत होता. इस्त्री आलेला करंट सगळा तापण्यात घालवते. गिरणीच्या मोटरीला चुंबक करायलाही करंट लागतो. ती तो घेते अन् परत पाठवते. टेस्टर वायरीतला सगळा करंट मोजतो. मीटर करंट आणि व्होल्ट क्षणाक्षणाला एकत्र बघतो, परत गेलेलं वजा करतो. बाबांचा गुणाकार इस्त्रीला चालतो, मोटरीला नाही."

मनोरमाबाईंनी टेस्टर वायरीवरून काढला. म्हणजे दारात येऊन परत गेलेल्यांचीही पानं त्या मोजत बसल्या होत्या! मीटर मात्र जेवून उठलेलेच मोजत होता. डोळ्यांपुढे रविवार आला: रिक्षात गॅसची शेगडी, वर पोरं, गल्ली बघतेय. कुठल्या पापातून वाचलो आपण!

त्यांनी विजयाच्या हातातला डबा काढून घेतला, कट्ट्यावर ठेवला.

"विजया, चुकलं माझं. चोर म्हणायला नको होतं. खोली तुझीच आहे."

विजयाला आता कुठे रडू फुटलं. मनोरमाबाई सुनेकडे वळल्या.

"अन् तू गं मंजूषा! चारचौघांत सासूला टोकायचं वळण वाईटच तुझं. पण आज टोकलंस म्हणून माझ्या हातून एका बाईचं वाटोळं झालं नाही. फार उपकार झाले, पोरी. पुन्हा मी अशी सुटले ना, तर अख्ख्या अयोध्या नगरासमोर मला थांबा म्हण!"