अळणी घर

चिमीच्या बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा तिच्या आईने, म्हणजे ताईने, अर्धवट काही केलं नाही. तसा तिचा स्वभावच नव्हता. एकाचं पथ्य ते सगळ्यांचं पथ्य, असं जाहीर करून तिने मिठाची बरणी माळ्यावर टाकली. खारं म्हणून जे काही घरात होतं ते शेजारी वाटून टाकलं. घरातल्यांनी तोंडं वाकडी केली आणि जेवले.

त्या घरात ताईचा धाकटा भाऊ, म्हणजे चिमीचा मामाही राहायचा. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला बायपोलर आजार होता. कधी मन नुसतं उधळायचं, कधी अंथरुणातून उठवायचं नाही. लिथियमच्या गोळ्यांनी तो कित्येक वर्षं ताळ्यावर होता. एकदाच त्याने गोळ्या सोडल्या होत्या, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक दारावर, कोणी न सांगता, मालकाचं नाव फुलापानांसकट रंगवून ठेवलं होतं. लोक त्यावरून अजून हसायचे. ताईला हसू येत नसे. घरोघर माफी मागत तीच फिरली होती.

म्हणून पथ्य सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मामाचा हात थरथरू लागला, तेव्हा तिच्या मनात एकच आलं.

"गोळ्या घेतोस ना?"

"घेतो गं."

"माझ्याकडे बघून सांग."

"बघूनच सांगतोय. तूच भाजीकडे बघतेयस. आणि त्या भाजीत जरा मीठ घाल. मला मागे डॉक्टरांनी सांगितलं होतं की..."

"जिभेचे चोचले पुरे झाले."

त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. दारं रंगवून ठेवलेल्या माणसाला या घरात फार ताणून धरता येत नसे.

दुसऱ्या दिवसापासून ताईने आठ वर्षांच्या चिमीला कामाला लावलं. मामाने गोळी गिळली की त्याच्या जिभेखाली बघायचं.

"मामा, आ कर."

"बघा इन्स्पेक्टरबाई. आलाच आहात तर अक्कलदाढही तपासून घ्या."

सुरुवातीला दोघं हसायची. मग मामा गंमत करेनासा झाला. त्याला मळमळायचं, सारखी तहान लागायची, चालताना तो भिंतीला हात लावायचा. एका बेकरीवाल्याने पाटी परत पाठवली. अक्षरांच्या कडा नागमोडी आल्या होत्या.

"तू खोटं बोलतोस हे आता या पोरीलाही कळायला लागलंय," ताई त्या दिवशी म्हणाली. चिमी तिथेच उभी होती. मामाने पाटी उचलली आणि आत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवली.

त्यानंतर दोनच दिवसांनी तो एका दुकानासमोर स्टुलावरून खाली पडला. बोलणं जड झालं होतं. दुकानदाराला वाटलं, पिऊन आलाय.

हॉस्पिटलात रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिथियम फार वाढलंय."

"वाढलंय?" ताईने विचारलं. "कमी नाही?"

"नाही. गोळ्या ते नेमाने घेत होते. जुलाब झाले होते? नवीन औषध? खाण्यात काही बदल?"

ताईला उत्तर माहीत होतं. "मी घरातलं मीठ बंद केलंय."

बाईंनी मान हलवली. मीठ आणि लिथियम यांत मूत्रपिंडाला फारसा फरक करता येत नाही, त्या म्हणाल्या. मीठ कमी पडलं की मूत्रपिंड आहे तेवढं मीठ धरून ठेवतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. "यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगत होता," ताई म्हणाली.

चार दिवसांनी मामा उशीला टेकून बसला. हाताला सलाईन होतं. चिमी ताईच्या मांडीवर होती.

"मामा, तुझ्या डोक्यात नक्की काय होतं?"

"डोक्यात सगळ्यांच्याच इवल्या इवल्या पेशी असतात. त्या एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप न्यायला रसायनं असतात. माझ्याकडे त्यांचा मेळ बिघडतो. कधी सगळा वर्ग एकदम ओरडायला लागतो, आणि कधी हजेरीलासुद्धा कोणी ओ देत नाही."

"मग गोळी म्हणजे वर्गातल्या बाई?"

"जवळजवळ. त्या वर्ग कसा सांभाळतात, ते मोठमोठ्या डॉक्टरांनाही पुरतं कळलेलं नाही."

"मग या वेळी काय झालं?"

"या वेळी एका वर्गात फार बाई जमल्या."

चिमी हसली. "का पण?"

मामाने ताईकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, पण मदतही नव्हती.

"माझ्यामुळे," ताई म्हणाली. "मी जेवणातलं मीठ काढलं, म्हणून त्याच्या अंगात औषध साठलं. तो मला सांगत होता. मी ऐकून घेतलं नाही."

"मग मामा गोळ्या टाकून देत नव्हता?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. खोटं तो बोललाच नाही. मीच त्याला खोटं ठरवलं, आणि तुलाही ठरवायला शिकवलं."

चिमी मांडीवरून उतरली, पलंगाला वळसा घालून मामाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि त्याला टेकून बसली. मामाने सरकून तिला जागा केली.

ताईने तिला परत बोलावलं नाही.